मानवतावाद आणि कापसाचा भाव

मागच्या महिन्यात तिवसा येथे आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांचे अभ्यासमंडळ भरले होते. आंतरराष्ट्रीय मानवतावादी चळवळीची उद्दिष्टे आणि तिच्यापुढील आव्हाने हा विषय होता आणि मांडणीचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. तीसहून अधिक वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला अशा विषयावर तासभर बोलणे अवघड जात नाही. १९५२ ची ॲमस्टरडॅमची परिषद, तेथे संमत झालेला जाहीरनामा, मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद हे सर्व यथासांग सांगून झाले. मग शेवटच्या रांगेतील एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "सर, हे सगळं बरोबर आहे. पन यानं कापसाले भाव भेटन काय?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो आणि काहीतरी सर्वसाधारण उत्तर देऊन वेळ निभावून नेली. परंतु घरी आल्यावर ते उत्तर मलाच पटेना. त्या तरुणाचा प्रश्न चळवळीच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. त्याला मी तेव्हा जे उत्तर द्यायला हवे होते, ते आता या स्तंभातून देत आहे.

प्रथम उद्दिष्टांविषयी, कारण त्यांच्याबद्दल आपल्या कार्यकर्त्यांतही बरेच गैरसमज आहेत. मानवतावाद म्हणजे भूतदया किंवा दानधर्म, असा एक समज आहे. दुसरा समज असा की मानवतावाद म्हणजे नुसता देव नाकारणे. ऑगस्ट १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमला जमलेल्या संघटनांनी यांपैकी कोणतीच गोष्ट आपले ध्येय म्हणून सांगितली नव्हती. महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. विज्ञानाने अणुबॉम्ब दिला होता आणि राष्ट्रभक्तीच्या व वंशाच्या नावावर लक्षावधी माणसे छळछावण्यांत मारली गेली होती. अशा वेळी अमेरिका, ब्रिटन, हॉलंड, ऑस्ट्रिया आणि भारत येथील काही मंडळींनी एकत्र येऊन म्हटले की माणसाच्या वर्तनाला नीतीचा आधार हवा आणि तो आधार परलोकात शोधण्याची गरज नाही. विज्ञानाचा उपयोग निर्मितीसाठी व्हावा, संहारासाठी नव्हे. प्रत्येक व्यक्तीचा पूर्ण विकास हा तिचा हक्क आहे, आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याला सामाजिक जबाबदारीची जोड हवी. या परिषदेचे अध्यक्षपद ज्युलियन हक्स्ली या जीवशास्त्रज्ञाकडे होते. रॉय यांना तेथे जाता आले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मसुरीला दरीत पडून ते जबर जखमी झाले होते. तरीही त्यांच्या अनुपस्थितीत त्यांना नव्या आंतरराष्ट्रीय संघाचे उपाध्यक्ष निवडण्यात आले. म्हणजे ही चळवळ पश्चिमेकडून आपल्याकडे आयात झाली, असे म्हणता येत नाही. तिच्या पायाभरणीत एक चिरा आपलाही आहे.

त्या जाहीरनाम्यात एक विधान असे आहे, ज्याकडे मानवतावाद्यांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. लोकशाहीचे तत्त्व केवळ राज्यकारभाराच्या पद्धतीपुरते मर्यादित नसून ते सर्व मानवी संबंधांना लागू करता येते, असा त्याचा आशय आहे. सर्व मानवी संबंध! मग सावकार आणि कुळ, व्यापारी आणि कास्तकार, ठेकेदार आणि मजूर हेही मानवी संबंधच की! २००२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये या जाहीरनाम्याची नवी रूपे संमत झाली. त्यांत विवेक, नीती आणि जीवनाची सार्थकता यांविषयी पुष्कळ सुंदर गोष्टी आहेत. परंतु १९५२ च्या त्या विधानाचा आर्थिक अर्थ कोणी उलगडून पाहिला, असे माझ्या वाचनात नाही.

आता आव्हाने. त्यांतील एक तर डोळ्यांपुढे उभे आहे आणि त्यासाठी फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. नायजेरियाच्या मानवतावादी संघटनेचे अध्यक्ष मुबारक बाला यांना २०२० मध्ये धर्मनिंदेच्या आरोपावरून पकडण्यात आले, २०२२ मध्ये चोवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि ती पुढे अपिलात कमी झाल्यामुळे ते २०२५ च्या जानेवारीत बाहेर आले. बांगलादेशात अभिजित रॉय यांना २०१५ च्या फेब्रुवारीत ढाक्याच्या रस्त्यावर कोयत्याने तोडण्यात आले. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ मध्ये कोल्हापूरला कॉम्रेड गोविंद पानसरे आणि धारवाडला प्रा. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळूरला गौरी लंकेश. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि उरलेले तिघे पुराव्याअभावी सुटले. म्हणजे हात सापडले, डोके सापडले नाही. परदेशातील मानवतावादी संघटना अशा छळाची वर्षानुवर्षे नोंद ठेवतात, सरकारांपुढे तक्रारी मांडतात, अडकलेल्यांना सोडवण्यासाठी झटतात. हे काम मोलाचे आहे आणि ते दुसरे कोणी करीत नाही.

परंतु बंदुकीच्या गोळीचे आव्हान शत्रूकडून येते. माझ्या मते चळवळीपुढील अधिक कठीण आव्हान तिच्या स्वतःच्या घडणीत आहे. ते समजावून सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

१९७४ च्या पावसाळ्यात आमच्या वावरात निंदणाला आलेल्या एका बाईला साप चावला. मी शाळकरी मुलगा होतो. गावात सापाचा मंत्र जाणणारा एक म्हातारा होता आणि लोकांनी तिला त्याच्याकडे न्यायचे ठरवले. माझे वडील शिक्षक होते, सुधारकी वळणाचे होते. ते आडवे आले. त्यांनी बंडी जुंपायला लावली आणि चिखलातून तीन कोस तिला एका दवाखान्यात नेले. तेथे डॉक्टर होते, पण सापावरची लस नव्हती. बाई रात्री गेली. त्यानंतर पुढच्याच वर्षी दुसऱ्या एकाला साप चावला, तेव्हा लोक आमच्या दारावरून सरळ म्हाताऱ्याकडे गेले. वडील ओसरीवर बसून होते. ते उठले नाहीत. तो माणूस वाचला. साप बिनविषारी असावा. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारीच असतात आणि मांत्रिकाची सारी प्रतिष्ठा या एका गोष्टीवर उभी असते. परंतु गावाच्या हिशेबात एका वर्षी दवाखान्यात माणूस मेला आणि दुसऱ्या वर्षी मंत्राने वाचला. पुढे अर्थशास्त्र शिकताना माणूस उपलब्ध माहिती आणि उपलब्ध साधने यांच्या मर्यादेत निवड करतो, हे सूत्र वाचले, तेव्हा मला ओसरीवर बसलेले वडील आठवले. त्या गावकऱ्यांना मी तेव्हाही अंधश्रद्ध म्हणू शकलो नाही, आजही म्हणवत नाही.

महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. दीड तपाहून अधिक काळ रखडलेला हा कायदा दाभोलकरांच्या रक्ताने संमत झाला, असे म्हणणे कटू असले तरी खरे आहे. वटहुकूम त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला. या कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवलेला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कायदा उत्तमच आहे. पण उपचारापासून रोखणे हा गुन्हा होण्यासाठी आधी उपचार हाताशी असावा लागतो. जेथे लसच नाही, तेथे मांत्रिकाने रोखले कशापासून?

मेळघाटाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू वस्त्यांत तान्ह्या मुलाचे पोट फुगले, श्वास लागला, की तापवलेल्या विळ्याने त्याच्या पोटावर चटके देतात. याला डम्मा म्हणतात. ही बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते, शहरातील सुशिक्षितांना शहारे येतात, गुन्हा नोंदवला जातो, भूमकाला किंवा आजीला पोलीस घेऊन जातात. चटके देणे अमानुष आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या आईने ते होऊ दिले तिच्या घरापासून बालरोगतज्ज्ञ किती अंतरावर आहे, रस्ता पावसात चालू असतो की नाही, ती स्वतः गरोदरपणी कामासाठी स्थलांतर करून कोठे राहिली होती, तिच्या अंगात रक्त किती होते, हे प्रश्न गुन्हा नोंदवणाऱ्या कागदावर नसतात. आरोग्य खात्याने मध्यंतरी भूमकांनाच हाताशी धरून रुग्ण दवाखान्याकडे पाठवण्याचा प्रयत्न केला. काही विवेकवादी मित्रांना तो अंधश्रद्धेशी केलेला समझोता वाटला. मला तो शहाणपणाचा वाटतो. भूमका दवाखान्याचा रस्ता दाखवू लागला, तर चटक्याचा विळा आपोआप कोनाड्यात पडेल, अट इतकीच की त्या रस्त्याच्या टोकाला दवाखाना उघडा असला पाहिजे.

विवेक हा माणसाचा स्वभावधर्म आहे, असे रॉय मानत. मीही मानतो. परंतु विवेकाने चालण्यासाठी माणसाच्या पायाखाली थोडी तरी टणक जमीन लागते. ज्याचे सारे वर्ष एका पावसावर, एका भावावर आणि एका सावकारावर टांगलेले आहे, त्याने नवस बोलू नये, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, तिच्यात शंभर दोष असले तरी, कास्तकाराला एक भाव आधी सांगत असे. तीही या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली. अनिश्चितता हीच बुवाबाजीची खरी सुपीक जमीन आहे. तेथे बी कोणीही पेरतो.

हे सर्व मानवतावाद्यांना ठाऊक नव्हते काय? होते. आणि येथेच मला त्या तरुण कार्यकर्त्याला एक विसरलेली गोष्ट सांगायची आहे. १९४४ मध्ये देशातील मोठ्या भांडवलदारांनी 'मुंबई योजना' मांडली होती. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवून उद्योगधंदे वाढवावेत, अशी तिची दिशा होती. तिला उत्तर म्हणून रॉय यांच्या कामगार संघटनेच्या वतीने 'लोकयोजना' प्रसिद्ध झाली. ती तयार करणाऱ्यांत विठ्ठल महादेव तारकुंडे आणि प्रा. जी. डी. पारीख हे दोन महाराष्ट्रीय कार्यकर्ते होते. दहा वर्षांत पंधरा हजार कोटींची ही योजना होती, पण आकड्यांपेक्षा तिचा क्रम महत्त्वाचा. आधी शेती, मग सामान्य माणसाच्या नित्य गरजेच्या वस्तू, आणि मग अवजड उद्योग. जमिनीवरील मध्यस्थांचे उच्चाटन आणि ग्रामीण कर्जाचा निकाल हे तिचे आरंभबिंदू होते. शेतकऱ्याच्या हाती क्रयशक्ती आल्याशिवाय उद्योगांना बाजारपेठ मिळणार नाही, हे तिचे साधे तर्कशास्त्र होते. वर्गात मी दोन्ही योजना शिकवीत असे. परीक्षेत मुंबई योजनेवर प्रश्न येई, लोकयोजना विद्यार्थी गाळून टाकत.

कापसाचा भाव आणि मानवतावाद यांचे नाते शोधण्यासाठी म्हणून दूर जावे लागत नाही. ज्यांनी पुढे मानवतावादी चळवळ उभी केली, त्यांनीच आधी शेतकऱ्याच्या कर्जाचा कार्यक्रम लिहिला होता. तारकुंडे पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, निवृत्तीनंतर जयप्रकाशांबरोबर नागरी स्वातंत्र्यासाठी लढले आणि १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्काराचे मानकरी ठरले. लोकयोजना लिहिणारा आणि हा पुरस्कार घेणारा माणूस एकच होता. पण चळवळीचे तसे राहिले नाही. डिसेंबर १९४६ च्या मुंबई परिषदेत रॉय यांनी आपले बावीस सिद्धान्त मांडले आणि डिसेंबर १९४८ मध्ये आपला पक्षच विसर्जित केला. सत्तेचे राजकारण माणसाला भ्रष्ट करते, खालून लोकसमित्या उभ्या राहिल्या पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. तिच्यात तथ्य होते. आणीबाणीत ते आपण सर्वांनी अनुभवले. तथापि पक्ष विसर्जित झाला आणि लोकसमित्या मात्र उभ्या राहिल्या नाहीत. उरली ती नियतकालिके, अभ्यासशिबिरे आणि मूठभर अत्यंत निर्मळ माणसे. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यांतले. धर्मशास्त्राच्याच आधाराने अस्पृश्यतेविरुद्ध उभा राहिलेला हा पंडित रॉयवादी झाला, यातच या विचाराचे सामर्थ्य दिसते. परंतु वाईहून किंवा मुंबईहून निघालेला हा विचार वऱ्हाडच्या बाजारगावांपर्यंत संघटना म्हणून कधी पोहोचला नाही.

दोष एकट्या मानवतावाद्यांचा नाही. आपण समाजवाद्यांनी नेमकी उलट चूक केली. आधी जमीन, मजुरी, भाव यांचा निकाल लावू, जातीची आणि देवाधर्माची जळमटे मग आपोआप गळून पडतील, असे आपण मानले. ती गळून पडली नाहीत, उलट आपल्याच घरात वाढली. पक्षकार्यालयाच्या उद्घाटनाला सत्यनारायण घालणारे सहकारी मी पाहिले आहेत. उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी महाराजांच्या पायांवर डोके ठेवून मुहूर्त विचारणारेही पाहिले आहेत. ज्याला प्रश्न करतो त्याच्याच पाया पडायचे, आणि मग लोकांनी बाबाच्या दरबारात जाऊ नये अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारे नाही.

तालुक्यातील कार्यकर्त्यांना एका गोष्टीची आठवण मात्र वेगळी करून द्यावयास हवी. तिवसा तालुक्यातच मोझरी आहे. १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी तेथे गुरुकुंज उभारला. दर वर्षी पुण्यतिथीला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लक्षावधी माणसे तेथे स्तब्ध उभी राहतात. त्या वेळी रस्त्यावरची मोटारही थांबलेली मी पाहिली आहे. महाराजांनी सर्व धर्मांची प्रार्थना एकत्र आणली, १९४२ मध्ये तुरुंग भोगला, आणि ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत प्रार्थनेइतकीच जागा गावाच्या सफाईला, आरोग्याला, श्रमाला दिली. त्यांच्या आधीच्या पिढीतले गाडगेबाबा तर आपल्या कीर्तनात नवसाचा बोकड आणि लग्नाचे कर्ज यांचा समाचार एकाच दमात घेत. अंधश्रद्धा आणि कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या निरक्षर परिटाला जितके स्वच्छ दिसले तितके आपल्या दोन्ही चळवळींना दिसले नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे केले, ते तर माणसाच्या प्रतिष्ठेसाठी केलेले या शतका-दोन शतकांतले सर्वांत मोठे सामुदायिक कृत्य होय. बाबासाहेब ६ डिसेंबरला गेले आणि गाडगेबाबा २० डिसेंबरला, वलगावजवळ. ॲमस्टरडॅमच्या संघाचे सभासदत्व यांच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

यावर काही विवेकवादी मित्र म्हणतात, तुकडोजी महाराज देव मानत, त्यांची भजनी मंडळे आपली सोबती कशी? त्यांचा आक्षेप प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे की महाराजांना ओढूनताणून निरीश्वरवादी ठरवू नये. तो त्यांच्यावरही अन्याय होईल आणि आपल्यावरही. आपण देव मानत नसू तर विचारल्यावर तसे स्पष्ट सांगावे. पण ज्या मंडळात रोज संध्याकाळी गावातील चाळीस माणसे जात न विचारता एका सतरंजीवर बसतात, त्या मंडळाला दवाखान्यात लस आहे का, हे विचारायला बरोबर नेण्यात कोणता सिद्धान्त आड येतो? रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये महाराष्ट्राने केला, तेव्हा कामाच्या ठिकाणी कोणाला श्रद्धा विचारली जात नव्हती. काम मागेल त्याला काम, हा माणसाचा हक्क म्हणून मान्य झाला. मला तो आपल्या राज्यातील सर्वांत मानवतावादी कायदा वाटतो, आणि त्याच्या प्रस्तावनेत तो शब्द नसला तरी बिघडत नाही.

गेल्या आठवड्यात तो तरुण घरी आला होता. मी त्याला वरील बरेचसे सांगितले. कापसाला भाव भेटणार नाही, असे तो पुन्हा म्हणाला, आणि ते खरेच आहे. परंतु जाताना त्याने पुढच्या बैठकीचा विषय सुचवला. पाऊस लागण्यापूर्वी तालुक्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात जाऊन सर्पदंशावरची लस आहे की नाही, ती थंड ठेवण्याची पेटी चालू आहे की नाही आणि रात्री तेथे कोण असते, याची यादी करायची. बरोबर येण्याबद्दल त्याने आपल्या गावच्या भजनी मंडळालाही विचारले आहे. मंडळाचा निरोप अजून आलेला नाही.